करावे खाजणातली वानगी

माझ्या सरांनी मला फसवलं, आणि मला पुढे करून एका अख्ख्या सोसायटीला फसवलं. खाडीकाठचा ओला चिखल त्यांनी प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये वाळवून तपासला, वाळलेल्या मातीचे आकडे जमिनीचे म्हणून दिले, आणि त्या आकड्यांवर चार मजली इमारत उभी राहिली. त्या इमारतीत माझी सख्खी बहीण राहते. चिखल मी काढला होता.

हे आधीच लिहून टाकतो. पुढचं वाचताना कुणी म्हणेल, हा बाजारातला माणूस, भांडखोर आहे, एम.एस्सी. हुकली म्हणून चिडलाय. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्याने चिखल घट्ट होत नाही.

माझे वडील कांदा-बटाटा बाजारात मापाडी होते. आम्ही मूळचे जुन्नरकडचे, पण माझी अक्कल वाढली ती मुंबईच्या बाजारात, पोत्यांवर. शाळेत होतो तेव्हाच एका अडत्याच्या पेढीवर बसायला लागलो. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं दाबायचे आणि सौदा व्हायचा. ज्याचा कांदा तो शेतकरी शेजारीच उभा असायचा आणि आपल्या मालाचं काय झालं ते त्याला शेवटी कळायचं. बोटांची ही भाषा मला बीजगणिताच्या आधी आली. तिचा राग मात्र उशिरा आला.

त्याच बाजारात दुसरी एक रीत होती, आणि ती मला आजही पटते. सौदा ठरला की पोत्यातला थोडा माल बाजूला काढून ठेवायचा. त्याला वानगी म्हणत. गाडी पोचल्यावर घेणाऱ्याने कुरकुर केली की वानगी बाहेर काढायची आणि दोन्ही माल शेजारी ठेवायचे. बोलाचाली तिथेच संपायची. वडील फार बोलत नसत, पण मी एकदा कंटाळून वानगीचे कांदे घरी भाजीला नेले तेव्हा त्यांनी मला परत पाठवून ते जागेवर ठेवायला लावले होते. व्यवहार पुरता मिटेपर्यंत वानगीला हात लावायचा नाही.

भूशास्त्राकडे मी प्रेमाने गेलो नाही. कॉलेजात त्या विषयाच्या जागा रिकाम्या राहायच्या. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तिथे आपलं जरा जास्त चालतं, एवढा हिशेब करून मी आत शिरलो. सकाळची लेक्चरं नकोत, मी बाजारातून येतो, हे मी पहिल्याच आठवड्यात पदरात पाडून घेतलं. मग दगड हातात आले, आणि पुढे विषय आवडला. बी.एस्सी. झालो, एम.एस्सी.ला बसलो. तेवढ्यात कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून उठून खाडीपलीकडे तुर्भ्याला आला. बाजारामागे आम्हीही वाशीला आलो. पहाटे बाजार, दुपारी पुलावरून बसने कॉलेज, असा माझा दिवस. आजूबाजूला नवं शहर उठत होतं. जिकडे बघावं तिकडे मुरमाचे डंपर. भरती येईल तिथे भराव टाकायचा, रोलर फिरवायचा आणि त्याला सेक्टर म्हणायचं.

विभागात तेव्हा पर्यावरणाचा नवा पेपर सुरू झाला होता. तो शिकवायचे ते माझे सर. माणूस शिकवायला उत्तम होता, हे मी नाकारणार नाही. खाडीची चिकणमाती त्यांनी फळ्यावर अशी समजावली होती की मागच्या बाकावरचेही जागे झाले. तिच्यात कुजलेला पाला असतो, शिंपल्यांचा चुरा असतो, खारं पाणी असतं. ती कण-कण पाणी धरून बसलेली असते. एकदा ओव्हनमध्ये वाळवली की तिचे कण एकमेकांना चिकटून बसतात. मग पुन्हा पाणी घातलं तरी ती पहिल्याइतकं पाणी पीत नाही. तपासात ती चांगली, समजूतदार माती वाटते. सरांनी फळ्यावर दोन वाट्या काढल्या होत्या, एक ओली, एक वाळवलेली, आणि दुसरीवर फुली मारून म्हणाले होते, "ओव्हनमधून काढलेली खाडीची माती ही दुसरीच माती असते. तिच्यावर घर बांधू नका."

ही फुली लक्षात ठेवावी. पुढे माझं जे काही म्हणणं आहे ते तिच्यावरच उभं आहे.

प्रबंधाला विषय सरांनीच दिला. करावे गावापासून वरती पावण्यापर्यंतच्या खाजणातली, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीतली माती, ती किती जाड, किती मऊ, तिच्यावर नवं शहर कसं बसेल. "तू तिथेच राहतोस, तुला सोपं," म्हणाले. नमुने कुठून काढायचे त्याच्या खुणाही त्यांनी नकाशावर करून दिल्या. करावे गावाच्या अलीकडे एकाच तुकड्यावर खुणांची दाटी होती. मी कारण विचारलं तर म्हणाले, तिथे लवकरच भराव पडणार आहे, त्याआधी माती बघून घे. मला ते पटलं.

खाजणात होडीशिवाय जाता येत नाही. करावे गावात एक मावशी होती, नवऱ्यामागे होडी स्वतः चालवायची, मासळी स्वतः विकायची. मी तिच्याकडे गेलो आणि माझा सगळा बाजार पणाला लावला. विद्यार्थी आहे, सरकारी काम नाही, भाडं द्यायची ऐपत नाही, पण तुर्भ्याचा कांदा घरपोच आणून देईन. तिने माझ्याकडे, मग माझ्या पत्र्याच्या नळ्यांकडे बघितलं.

"आमी जलमभर पायाचा चिखल धुतो," ती म्हणाली, "न् तू डबे भरून घरी नेतोस. घरात भिंती हायत का न्हाय?"

मी म्हटलं, "अभ्यासाला पायजे, मावशी."

"चिखलाचा अभ्यास." तिने शेजारणीकडे बघून मान हलवली. "बरा हाय. पास झाला तं चिखलाचा साहेब व्हशील."

सौदा ठरला, एका खेपेला एक गोणी कांदा. मी पहिली गोणी आणली तेव्हा तिने तोंड सोडून वरचे कांदे बघितले नाहीत. गोणी सरळ उलटी केली आणि तळाचे कांदे चाचपले. वरती मोठा माल आणि तळाला बारीक, ही बाजारातली जुनी खोड. मी तेवढ्यापुरती केलेली नव्हती हे माझं नशीब. त्या बाईशी घासाघीस करून मी कधी जिंकलो नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. तिने सगळं उघड्यावर केलं.

ओहोटीला आम्ही जायचो. मी गुडघ्याएवढ्या चिखलात उतरून नळी दाबायचो, पिळून वर काढायचो, दोन्ही तोंडं वितळलेल्या मेणाने बंद करायचो. ओलावा जाता कामा नये. त्यासाठी मी कांद्याची रिकामी गोणपाटं पाण्यात बुडवून नळ्यांना गुंडाळायचो. आणि प्रत्येक ठिकाणाहून मी एक नळी जास्त काढली. सरांनी सांगितलं नव्हतं. मला सवय होती. जास्तीच्या नळ्या मी बाजारातल्या आमच्या गाळ्यात, पोटमाळ्याखाली अंधाऱ्या कोपऱ्यात, ओल्या गोणपाटात ठेवल्या. वडील पाण्याचा तांब्या घेऊन जाता-येता त्यांच्यावर शिंपडायचे. काय आहे विचारलं नाही त्यांनी. वानगी म्हटल्यावर त्यांना पुरलं.

बाकीच्या नळ्या विभागात पोचवल्या. कांद्याचा वास सगळ्या प्रयोगशाळेत भरला. सर नाकाला रुमाल लावून हसले आणि म्हणाले, हा प्रबंध फोडणीला घालावा लागेल. मीही हसलो.

मग बाजारात आवकेचे दिवस आले आणि मला काही दिवस कॉलेजला फिरकता आलं नाही. परत गेलो तर प्रयोगशाळेच्या टेबलावर माझ्या नळ्या रिकाम्या पडल्या होत्या. ओव्हनचं दार उघडं होतं. शेजारी तबकांमध्ये करड्या रंगाची बारीक पूड, चाळून ठेवलेली, रांगोळीसारखी. तपासही उरकले होते. सरांनी स्वतः केले होते, मदतीला कुणाला घेतलं नव्हतं.

मी विचारलं, ओली का नाही तपासली. सर म्हणाले, "वाळवली की चाळायला सोपी जाते. सगळे असंच करतात."

"तुम्हीच फळ्यावर फुली मारली होती, सर."

"तो पेपर होता. हे काम आहे."

माझा तोल गेला. एक तबक मी उचलून जमिनीवर पालथं केलं. पूड सरांच्या बुटांवर उडाली. त्यांनी वाकून बूट झटकले आणि शांतपणे म्हणाले, बाहेर जा. त्या तबकाबद्दल मला पुढे बरंच ऐकावं लागलं. मला त्याचा पश्चात्ताप तेव्हा नव्हता आणि आज नाही.

एवढी घाई कशाला, हे कोडं त्याच रविवारी सुटलं, आणि तेही घरच्या चहावर. ताई आणि दाजी वाशीला आले होते. दाजी फोर्टात सरकारी कचेरीत कारकून. परळच्या एका खोलीत सासू-सासरे, दीर-जाऊ आणि ही दोघं, असं त्यांचं चाललेलं. त्यांच्या कचेरीतल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली होती आणि खाडीच्या बाजूला प्लॉट मिळाला होता, हे मला माहीत होतं. कुठे, ते नव्हतं. दाजी म्हणाले, "मेव्हणे, तुमच्या सरांनी आमची जमीन पास केली बरं का. नमुने तुम्हीच काढलेत म्हणे. मी कमिटीत छाती फुगवून सांगितलं, आमचाच माणूस आहे."

करावे गावाच्या अलीकडचा तो खुणांनी भरलेला तुकडा. सर त्या सोसायटीचे सल्लागार होते. माझा प्रबंध म्हणजे त्यांचा फुकटचा खोदकाम्या.

ताई त्या दिवशी खुशीत होती. स्वयंपाकघराची खिडकी खाडीकडे येणार, वारा येणार, असं ती आईला सांगत होती. आकडा हातात नसताना बोलायचं नाही, हे बाजाराने शिकवलेलं. पण त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, मी प्रयोगशाळेची परवानगी काढली, वानगीच्या काही नळ्या नेल्या आणि मेण फोडलं. माती जशी खाडीतून निघाली होती तशीच होती, काळी, गार, बोट घातलं की बोटाला न सोडणारी. हा तपास साधा असतो. पितळी वाटीत ओली माती घ्यायची, मधोमध खाच पाडायची, दांडा फिरवून वाटी आपटत राहायची आणि खाच कधी मिटते ते बघायचं. किती पाण्याला माती पातळ होते ते त्यातून कळतं, आणि त्यावरून इमारत किती खचेल याचा अंदाज बांधता येतो. मी प्रत्येक नळीची माती पुन्हा पुन्हा लावली. सरांचे आकडे आणि माझे आकडे एका खाडीचे वाटत नव्हते. सरांच्या मातीवर साधा उथळ पाया चालला असता. माझ्या मातीला खडकापर्यंत उतरणारे खांब, म्हणजे पाइल, हवे होते.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेलो. दार लावायला त्यांनीच सांगितलं. या वेळी ओरडायचं नाही असं ठरवून गेलो होतो, आणि ओरडलो नाही. माझे आकडे मी समोर ठेवले. त्यांनी ते नीट बघितले. खोटे आहेत असं एकदाही म्हणाले नाहीत.

ते म्हणाले, पाइल या लोकांना झेपणार नाहीत. पाइल म्हटलं की सोसायटी मोडेल, प्लॉट परत जाईल, आणि तिथे उद्या कुणी मोठा बिल्डर येईल. ही कारकून माणसं जन्मभर खोलीतच मरतील. जरा खचेल इमारत, सगळ्याच खचतात. त्यांना घर मिळतंय ते मिळू दे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "प्रबंधात माझे आकडे घाल. फर्स्ट क्लास माझ्याकडे लागला. पीएच.डी.ची जागाही तुझीच. बाजारात किती दिवस बसणार आहेस?"

माझ्या डोळ्यांसमोर रुमाल आला. आम्ही दोघं आत बोटं दाबत होतो आणि ज्यांचं घर ते बाहेर उभे होते.

मी उलटा भाव सांगितला. सोसायटीला ओल्या मातीचा आकडा कळवा, पाइल घाला म्हणा, झेपत नसेल तर दोन मजले कमी करा म्हणा. मी तबकाबद्दल सगळ्या विभागासमोर माफी मागतो, प्रबंधावर हवं तर तुमचं नाव आधी टाका, पीएच.डी.ची जागा दुसऱ्याला द्या. याहून मोठी सूट मी आयुष्यात कुणाला दिलेली नाही. सरांनी कागद घडी करून मला परत दिले.

मग मी सोसायटीच्या सभेला गेलो. सभा वाशीतल्या एका शाळेत होती. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. सर आधीच पुढे खुर्चीवर होते. दाजींनी मला बघून जागा केली, त्यांना वाटलं मी कौतुक करून घ्यायला आलोय. मी टेबलावर दोन तबकं ठेवली. एकात वाळवून, पुन्हा पाणी घालून मळलेला मातीचा गोळा, दुसऱ्यात वानगीतला तसाच ओला. दोन्ही एकाच नळीतले. बाजारातून दोन सारखी वजनं आणली होती. दोन्ही गोळ्यांवर एकेक ठेवलं. पहिल्यावरचं उभं राहिलं. दुसऱ्यावरचं हळूहळू एका अंगाने कलत आत जायला लागलं. सगळे माना वर करून बघत होते.

मी म्हटलं, "हा पहिला गोळा तुमच्या रिपोर्टातला आहे. दुसरा तुमच्या प्लॉटमधला. तुमच्या इमारतीखाली कुणी ओव्हन लावून देणार असेल तर खुशाल बांधा."

अध्यक्ष म्हणजे त्यांच्या कचेरीतले हेडक्लार्क. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "जमीन पास झालेली आहे. तुम्ही अजून व्हायचे आहात ना?"

सभा हसली. पोरांच्या बाकांवर बसलेली माणसं पोरांसारखी हसली. आणि मग सर उठले. मला वाटलं ते मला खोटं पाडतील. त्याची मी तयारी करून गेलो होतो. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा माझाच विद्यार्थी आहे. चिखलात उतरून नमुने यानेच काढले आहेत, एकही नळी वाया घालवली नाही. एवढ्या मेहनतीने काढलेल्या नमुन्यांवर माझा रिपोर्ट आहे. तपासाची पद्धत तेवढी तो अजून शिकतोय."

फसवणूक म्हणतो ती ही. आकडे फिरवले ते मी एक वेळ पचवलं असतं. माझी मेहनत त्यांनी जामीन म्हणून त्या माणसांसमोर ठेवली, माझ्याच खांद्यावर हात ठेवून. मी हात झटकला. काय बोललो ते इथे लिहीत नाही, छापण्यासारखं नव्हतं. दाजींनी मान खाली घातली.

शेवटच्या बाकावरून ताई बोलली. बायकांपैकी ती एकटीच बोलली त्या दिवशी. "मग आम्ही परत परळच्या खोलीतच राहायचं का?"

तिने ते मला विचारलं होतं. सर माझ्या शेजारीच उभे होते, पण तिने मला विचारलं. मी म्हटलं, दोन मजले कमी करा, पाइल घाला, वर्षभर थांबा. कुणाचे मजले कमी करायचे, असं मागून कुणी तरी म्हणालं. ते ठरवणं माझं काम नव्हतं. मग हात वर करून ठराव झाला, चारही मजले, साधा उथळ पाया. दाजींचा हात वर होता.

प्रबंध मी लिहिला. दोन रकाने केले, वाळवलेली माती आणि ओली माती, शेजारी शेजारी. सरांनी दुसऱ्या रकान्यावर तिरकी रेघ मारून परत पाठवला. मी पुन्हा टाइप करून घेतला, दोन रकान्यांसकट. पुन्हा रेघ. विभागप्रमुखांकडे गेलो तर त्यांनी तबकाचा विषय काढला. असा तापट विद्यार्थी कुणी दुसरा घेणार नाही, सरांशी जमवून घे, म्हणाले. एक रकाना काढायचा आणि पदवी घ्यायची, एवढंच काम होतं. घरात सगळे म्हणाले काढ. वडील मात्र संध्याकाळी गाळ्यात गेले आणि नेहमीसारखं नळ्यांवर पाणी शिंपडून आले. मी रकाना काढला नाही. सही झाली नाही, मुदत टळली. माझ्या नावामागे एम.एस्सी. नाही ते यामुळे. अभ्यासात मी मागे नव्हतो.

बाजारातून मी बाहेर पडलो ते मातीच्या धंद्यात. पावण्याला औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला, जुनं ड्रिलिंग मशीन दुरुस्त करून घेतलं आणि कारखान्यांच्या पायासाठी जमीन तपासून द्यायला लागलो. खाली सही डिग्रीवाल्या इंजिनिअरची लागते. तो येतो, सही करतो, चहा पितो, जातो. पण माझ्या गाळ्यात दोन नियम आहेत. खाडीची माती ओली तपासायची, आणि इमारत उभी राहून स्थिरावेपर्यंत वानगी टाकायची नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं, हा महाग पडतो, कटकट्या आहे म्हणतं. मग दुसरीकडे जातं. बरेचसे परत येतात.

ताईची इमारत झाली. वास्तुशांतीला मी गेलो, जेवलो. खिडकीतून खरंच वारा येत होता. पहिले दोन पावसाळे काही झालं नाही, आणि दाजी मला भेटले की मुद्दाम विचारायचे, काय मेव्हणे, अजून उभे आहोत. मग खाडीकडच्या जिन्याची बाजू भिंतीपासून सुटायला लागली. आधी पोस्टकार्ड जाईल एवढी फट, मग बोट, आता माझा पंजा आडवा जातो. ताईच्या घराचं दार चौकटीत अडकतं. दर वर्षी सुतार येऊन दाराची खालची कड रंध्याने तासून जातो. ते दार आता खालून तिरकं दिसतं. पोळ्या लाटताना लाटणं ओट्यावर ठेवलं की आपोआप खाडीच्या बाजूला जातं, म्हणून ताईने तिथे एक वाटी आडवी ठेवलेली असते. सोसायटीत सगळे कॉन्ट्रॅक्टरला शिव्या घालतात. सिमेंट खाल्लं म्हणतात. मी ती भिंत टोकरून बघितली आहे. सिमेंट चांगलं आहे. कॉन्ट्रॅक्टरने खाल्लं नाही.

परवा दाजी पावण्याला गाळ्यावर आले. पहिल्यांदाच आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला, मशीनचं कौतुक केलं. सभेतल्या त्या हाताबद्दल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. निघताना दारात थांबून म्हणाले, "ती वानगी आहे का रे अजून?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अरे म्हटलं.

आहे. एक नळी मी फोडलेली नाही. दोन्ही तोंडांचं मेण शाबूत आहे, ओल्या गोणपाटात आहे, आणि वडील थकले तेव्हापासून पाणी मी शिंपडतो. त्याच तुकड्यातली, ताईच्या खिडकीखालची माती आहे ती.

सर निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, विद्यार्थ्यांनी भाषणं केली, चारित्र्यावरसुद्धा कुणी बोललं म्हणे. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांनी ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इमारत पडली तर नाही ना?" मी निघालो तेव्हा त्यांच्या घराचं दार माझ्यामागे अलगद, चौकटीत बरोबर बसलं.

तर सर, आता उघड्यावर बोलू. तुम्हाला माझी पदवी मागत नाही, ती ठेवा तुमच्याकडे. माझी मागणी एवढीच आहे, की तुम्ही या. रविवारी या, सगळे घरी असतात. ताईच्या इमारतीच्या आवारात टेबल मी मांडतो, पितळी वाटी मी आणतो. मेण तुम्ही फोडा. माती तुमच्या हाताने लावा, दांडा तुमच्या हाताने फिरवा, ओव्हन तेवढा नसेल. जो आकडा येईल तो जिन्याच्या त्या फटीशी उभं राहून, दाजींना, अध्यक्षांना आणि त्या सभेत शेवटच्या बाकावर बसलेल्या माझ्या बहिणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचा. तिने सभेत जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी द्यायचंच नव्हतं. ते तुम्ही द्यायचं आहे. द्या.